ठेका धरताना

पखवाज शिकायला बसलं की पहिलं काम पडतं ते कणीक मळण्याचं. पखवाजाच्या उजव्या तोंडावर तबल्यासारखी काळी शाई कायमची भरलेली असते. डाव्या तोंडावर मात्र दर खेपेला ओली कणीक थापायची आणि वाजवून झालं की ती खरवडून कातडं पुसून ठेवायचं. ही कणीक पोळ्यांच्या कणकेपेक्षा सैल लागते. किती सैल, याला माप नाही. कमी पडली तर डावं तोंड पोकळ बोलतं, जास्त झाली तर आवाज गिळून बसतं. वाजवता वाजवता ती वाळायला लागली की सूर हळूहळू वर सरकतो, मग दोन अभंगांच्या मधल्या फटीत ओलं बोट फिरवून घ्यायचं. आमच्या गावचे मृदंगवाले बुवा कणकेच्या गोळ्याकडे नुसतं बघून सांगतात, 'साहेब, अजून एक थेंब.' तो थेंब कुठं कमी होता हे चार वर्षांनंतरही मला डोळ्यांना दिसत नाही. थाप मारल्यावर कळतं.

बुवा ऐंशीच्या पुढचे, मी पासष्टचा. ते मला 'साहेब' म्हणतात, कारण बँकेतून निवृत्त झालेला माणूस खेड्यात शेवटपर्यंत साहेबच राहतो. मी शिकायला बसण्यापूर्वी आधी त्यांच्या आणि मग पखवाजाच्या पाया पडतो. वारकऱ्यांत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळे माझ्या मागोमाग बुवाही वाकतात आणि ऐंशी वर्षांच्या गुरूला आपल्यासमोर वाकताना पाहून दर शनिवारी मला तेवढाच संकोच होतो. शनिवारी अशासाठी, की मी पुण्याला राहतो आणि गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारचं ऊन उतरेपर्यंत देवळाच्या ओवरीत बसायचं, संध्याकाळी परत. वाद्य गावातल्या घरीच असतं. पुण्यात मी उशीला दोन्हीकडून बडवतो. पखवाज मुद्दाम आणत नाही, कारण सदनिकांच्या भिंतींना पखवाज सोसत नाही आणि शेजाऱ्यांना तर मुळीच नाही.

पखवाज वडिलांचा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. शेती सांभाळून ते एकादशीच्या भजनाला आणि कार्तिकातल्या काकड्याला मृदंग धरत. १९९६ साली ते गेले. तेव्हापासून तो खुंटीला टांगलेला होता. खैराचं खोड होतं, त्याला काही झालं नव्हतं. पण वाद्या कडक होऊन तडकल्या होत्या आणि उजवी पुडी उंदरांनी कुरतडली होती. पंढरपूरला नेऊन दोन्ही तोंडं नव्यानं मढवून घेतली. कारागिरानं आठ गठ्ठे वाद्यांखाली सारून हातोडीनं गजरा ठोकत ठोकत सूर जुळवला, तेव्हा कितीतरी वर्षांनी त्या खोडातून आवाज निघाला. तो अण्णांच्या पखवाजाचाच आवाज होता असं मी म्हणणार नाही. कातडं नवं, शाई नवी. पण खोडाचा म्हणून जो एक खालचा गुंजारव असतो तो ओळखीचा वाटला.

शाईचं जरा सांगायला हवं. लोखंडाचा बारीक कीस खळीत कालवून त्याचे थरावर थर कातड्यावर चढवायचे आणि प्रत्येक थर दगडानं घोटायचा, असं ते काम. हे कशासाठी, याचं उत्तर सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दिलं. साधं ताणलेलं कातडं वाजवलं की मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात ते एकमेकांशी पटत नाहीत. म्हणून ढोलाचा दणका ऐकू येतो, पण त्याला गायकाच्या पट्टीशी जुळवता येत नाही. कातड्याच्या मध्यभागी असा भार दिला की उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबात येतात आणि चामडं गायला लागतं. डावीकडची कणीकही भारच. ती स्वर खाली उतरवते आणि त्याला घुमारा देते. आमच्या पूर्वजांना हे गणितानं माहीत नव्हतं, कानानं माहीत होतं. रामन यांचं कौतुक असं की त्यांनी त्या कानांना मान दिला.

वारकरी पखवाजाला मृदंगच म्हणतात. मृदंग म्हणजे अंग मातीचं. बंगालातल्या वैष्णव कीर्तनात वाजणारा खोल अजूनही मातीचा असतो; आपला केव्हाच लाकडाचा झाला, नाव तेवढं राहिलं. उत्तरेत हे वाद्य धृपदाचं. धृपद मागे पडून ख्याल पुढे आला तसा तबला पुढे आला आणि पखवाजाची दरबारातली जागा आक्रसत गेली. नाथद्वारासारख्या देवस्थानांनी आणि मोजक्या घराण्यांनी तो धरून ठेवला. त्या घराण्यांतलं एक मोठं नाव नाना पानसे. एकोणिसाव्या शतकात इंदूरला त्यांनी नावलौकिक कमावला, पण माणूस आपल्या वाईजवळच्या बावधनचा, कीर्तनाच्या घरातला. महाराष्ट्रात पखवाज दरबारावर अवलंबून नव्हताच. तो देवळात होता, दिंडीत होता आणि तिथल्या माणसांना राजाश्रय गेल्याचं कुणी कळवलंही नसावं.

त्यामुळे पखवाज मरायला टेकला आहे अशी हाकाटी अधूनमधून होते, तिच्याशी मी सहमत नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्या मागोमाग आज आळंदीत इतक्या लहानमोठ्या संस्था उभ्या आहेत की गल्लीतून चालताना खिडकीखिडकीतून 'धा' ऐकू येतो. दहा-बारा वर्षांची पोरं मांडी घालून ज्या सफाईनं वाजवतात ती पाहून माझ्यासारख्यानं कणकेचा गोळा गुपचूप खिशात टाकावा. मुलीही आता वाजवतात आणि कुणाला त्यात नवल वाटेनासं झालं आहे, हे फारच चांगलं झालं. वाद्य जिवंत आहे. कमी झाले आहेत ते अण्णांसारखे. दिवसभर नांगर धरून रात्री मृदंग धरणारे, कुणी मानधन न देणारे आणि न मागणारे, गावाला हवे तेव्हा घरात सापडणारे.

याचा अर्थ आमच्या गावात काय झाला ते सांगतो. काकडा म्हणजे कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटेचं भजन. महिनाभर, एकही दिवस खंड नाही. साडेचारला देऊळ उघडतं. अण्णांच्या वेळी गावात मृदंग धरणारे चौघे होते. ते पाळीनं उभे राहत. आता एकटे बुवा उरले आणि त्यांचा उजवा खांदा वर जाईना. गावचा एक मुलगा आळंदीला शिकून फार सुरेख वाजवतो. पण कार्तिकात त्याला इतर गावांच्या सप्ताहांची बोलावणी असतात. त्यावरच त्याचं घर चालतं. त्यानं महिनाभर फुकट पहाटे आपल्या गावी वाजवावं असं म्हणण्याचा अधिकार, महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माझ्यासारख्याला तर नाहीच. मग एका वर्षी काही पहाटा पेटी आणि टाळ एवढ्यावरच झाल्या. कुणीतरी उत्साही तरुणानं मोबाइल कर्ण्याला जोडून मृदंगाचा ठेका लावून दिला. त्या यंत्रातला ठेका चुकत नव्हता, पण म्हातारे गायला लागले की थांबतही नव्हता. पुंडलिकाचा गजर संपला, आरती सुरू झाली, तरी तो आपला वाजतोच आहे. शेवटी पुजाऱ्यानं वायर उपसली. त्याच आठवड्यात मी बुवांकडे गेलो.

आता शिकण्याबद्दल. पखवाजाचा मूळ हात थापेचा, सबंध पंजाचा. तबल्यासारखी बोटांच्या पेरांची कलाकुसर त्यात कमी. उजव्या हाताचा 'ता', डाव्याचा 'ग', दोन्ही एकदम पडले की 'धा'. ऐकायला सोपं. पण 'एकदम' या शब्दात काय काय दडलेलं असतं! माझा डावा हात उजव्याच्या किंचित मागे पडतो, केसाइतका. ऐकणाऱ्याला कळणार नाही, बुवांना कळतं. पलीकडे ओवरीत पडल्या पडल्या ते म्हणतात, 'दोघं आले, पर संगं न्हाई आले.' आणि मग 'तिट'. आमच्या बुवांच्या हातात 'ति' मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या जुडीनं शाईच्या मध्यावर पडतो आणि 'ट' तर्जनीनं. 'तिट तिट तिट तिट' असा तासभर. हळू गतीत माझा बरा पडतो. दुगण घेतली की दोन्ही अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि ओल्या कपड्यांसारखा आवाज यायला लागतो. पासष्टाव्या वर्षी करंगळीला नवं काही शिकवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल.

माझी अडचण हाताची आहे तेवढीच डोक्याचीही आहे. ऐंशीच्या दशकात मी बँकेत लागलो तेव्हा नोटा हातानं मोजायच्या. बंडलामागून बंडल. नंतर यंत्रं आली, खुर्ची बदलली, पण आत कुठंतरी मोजणी चालूच राहिली. जिन्याच्या पायऱ्या मी अजून मोजतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, पहिला अर्धा भरीचा, दुसरा अर्धा खालीचा. असं पुस्तकात वाचून मी आठ मोजत वाजवायला लागलो. बुवांच्या तोंडी मात्रा हा शब्दच नाही. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, 'साहेब, मोजताय व्हय?' म्हटलं, 'हो.' म्हणाले, 'मोजू नगा. उठा, चाला.'

मग त्यांनी पखवाजाला पट्टा लावून तो माझ्या गळ्यात अडकवला आणि मला देवळामागच्या बांधावर उभं केलं. दिंडीत मृदंगी असाच असतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, त्यातला कितीतरी भाग तो हे ओझं गळ्यात घेऊन वाजवत चालतो. वर आषाढाचा पाऊस. भिजल्या हवेत उजवी पुडी उतरते, कणीक वाळत नाही, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला. अशा वाटेवर जन्मलेला आणि वाढलेला हा ठेका आहे; तो बसून मोजण्यासाठी झालेला नाही. एक पाऊल पडतं तिथं वजन येतं, दुसरं पाऊल उचललेलं असतं तिथं खाली. वारकरी जिला पावली म्हणतात ती नाचण्याची रीतही यातूनच आली. बांधावरून मी चालत होतो, मागून बुवा टाळ वाजवत येत होते आणि पलीकडच्या वावरात खुरपणाऱ्या दोन बायका खुरपी थांबवून साहेबाकडे बघत होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीला ठेका पायांत उतरला. हात त्याच्या मागोमाग गेले. पुढच्या शनिवारी बसून वाजवताना तो पुन्हा अर्धा हरवला, पण आता कुठं शोधायचा ते माहीत होतं.

खरी कसोटी ठेका येण्याची नाही, धरण्याची. शब्द नीट पाहावा: आपल्याकडे मृदंग 'वाजवला' असं म्हणतात, तसंच मृदंग 'धरला' असंही म्हणतात. अभंग सुरू होतो ठाय लयीत, शेवटाला दुगणीत जातो आणि मधल्या सगळ्या वाटेवर वीस-पंचवीस टाळकरी लय पुढं ढकलत असतात. कुणी वाईट हेतूनं नव्हे. टाळ हातात आला की हात धावतोच, पहाटेची थंडी असते, माणसं रंगलेली असतात. त्या पंचवीस जणांना एकटा मृदंगी मागं धरून ठेवतो. कधी सोडायचं ते त्याच्या हातात. लवकर सोडलं तर गाणाऱ्याचा दम तुटतो आणि शब्द चिरडतात. फार वेळ धरलं तर भजन जड होतं. बुवा हे कसं करतात ते मी जवळ बसून शंभरदा पाहिलं. त्यांच्या हातांत काही वेगळं दिसत नाही. ते फक्त डावा थोडा भरून वाजवतात आणि अख्खी रांग सावरते. मी तेच केलं की रांग निघून जाते आणि मीही तिच्याबरोबर ओढला जातो. हे कसं करायचं ते बुवांना सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, 'गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं.'

सांगता न येणाऱ्या गोष्टींवरून अण्णांची वही आठवली. अभंगांची हस्तलिखित वही, जाड पुठ्ठ्याची. समासात जागोजागी बोल लिहिलेले. काहींच्या पुढं 'मंगळवार', काहींच्या पुढं नुसती फुली. एका ठिकाणी 'वडाखाली घेतला' एवढंच. गुरू कोण, साल कोणतं, काही नाही. गावाबाहेरच्या वडाखाली कुणाकडून तरी तो तुकडा मिळाला, हीच आठवण त्यांना पुरेशी वाटली असावी. वही मी बुवांना वाचून दाखवली. त्यांना लिहिता-वाचता बेताचं येतं, पण पहिली दोन अक्षरं ऐकताच ते पुढचं वाजवून दाखवत आणि वाजवता वाजवता हसत. 'हा तुमच्या अण्णांनी माझ्याकडनं घेतला.' 'हा मी त्यांच्याकडनं.' असे नऊ तुकडे जुळले. दहावा, वडाखालचा, बुवांना ठाऊक नव्हता.

'धुमकिट धुमकिट तकिट तका किटतक गदिगन धा.' अक्षरं एवढीच. शेवटचा 'धा' सोडला तर एकवीस. पण कुठून उचलायचा, 'तकिट'पाशी लय कशी वळते, मधे दम आहे की नाही, असला तर केवढा, हे कागदावर नाही. लिहिणाऱ्याला ते लिहावंसं वाटलं नाही, कारण ते त्याच्या हातात होतं. आणि वहीत लिहून ठेवलेला बोल म्हणजे बियाण्याची रिकामी पिशवी, वर नाव छापलेलं. मोजण्याची माझी खोड इथं मात्र कामाला आली. कागद-पेन्सिल घेऊन मी त्याच्या चार मांडण्या केल्या. चारांतल्या तीन नेमक्या समेवर येतात. तिन्ही बुवांना ऐकवल्या, म्हणजे तोंडानं म्हणून दाखवल्या, हातात अजून तेवढी तयारी नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या आणि त्या एकेक करून स्वतः वाजवल्या, दुखऱ्या खांद्यानं. मग म्हणाले, 'तिन्ही बरोबर हैत. अण्णांचा कंचा, त्ये अण्णांना ठावं.'

आळंदीच्या त्या मुलाला मी वहीचे फोटो पाठवले. त्यानं एका रात्रीत दहाही तुकडे बसवले आणि मोबाइलवर वाजवून पाठवले. फार स्वच्छ वाजवले. वडाखालच्या तुकड्याची त्यानं चौथीच मांडणी केली होती, माझ्या कागदावर नसलेली, आणि तिन्हींपेक्षा ती देखणी आहे हे मान्य केलं पाहिजे. बुवांना ऐकवली. त्यांनी दोनदा ऐकली आणि म्हणाले, पोरगं चांगलं निघालं. आता गावात तो तुकडा त्याच्या मांडणीनंच चालेल असं दिसतं. चालू दे. अण्णांनीही वडाखाली जसा ऐकला तसाच ठेवला असेल, याची खात्री कुणी द्यावी?

गेल्या कार्तिकात मी पंधरा पहाटा उभा राहिलो. बुवांनी वाटणी करून दिली होती. काकड्याचा क्रम ठरलेला: आधी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ, पुढं गवळणी आणि शेवटी आरती. वासुदेवापर्यंत लय शांत असते. तिथपर्यंत मृदंग माझा. पुढं दहावीतला एक मुलगा बसतो, बुवांचाच शिष्य, शाळेचं दप्तर देवळाच्या खांबाला टेकवून. मी शेवटचा 'धा' टाकून हात उचलतो तोवर त्याचा ठेका त्याच्या पखवाजावर सुरू झालेला असतो, टाळकऱ्यांना सांधा कळत नाही. उजवी पुडी पहाटेच्या दवानं उतरते म्हणून आम्ही दोघं चारलाच येऊन समईपाशी दोन्ही पखवाज ठेवतो. कणीक आता मुलगा मळतो. त्याच्या आईनं घरूनच पीठ बांधून दिलेलं असतं. पाण्याचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा चांगला आहे.

अण्णांचे जुने सोबती एक-दोनच उरलेत. त्यांतले एक म्हातारबा ठार बहिरे आहेत. भजनात ते खांबाला टेकून बसतात आणि खोडाचा हादरा फरशीतून त्यांना लागतो म्हणतात. पहिल्या पहाटे वासुदेव संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मोठ्यानं विचारलं, 'डावा कुणाचा होता?' मी म्हटलं, 'माझा.' त्यांना ऐकू आलं नाही. मी छातीवर हात ठेवून दाखवला. त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची ते मला सांगता येणार नाही.

या कार्तिकात गवळणींतली पहिलीही मीच धरायची असं बुवांनी ठरवून टाकलं आहे. त्यासाठी दुगणीतला 'तिट' सुटा पडायला हवा. परवापर्यंत तो सलग चार आवर्तनं सुटा पडत होता, पाचव्याला चिकटत होता. कोजागरीला अजून अकरा शनिवार आहेत.